आमच्या विमानतळाचं ‘पुणे रोड’ करू नका

पुरंदरच्या नियोजित विमानतळाचा आराखडा ज्यांच्या टेबलावर आहे त्या सर्व अधिकाऱ्यांना, सल्लागारांना आणि लोकप्रतिनिधींना,

सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी विमानतळाच्या एका सादरीकरणाला मी गेले होते. कुणी भरवलं होतं, कुठे होतं ते लिहीत नाही, कारण माझं भांडण तिथल्या माणसांशी नाही. टेबलावर काचेच्या पेटीत प्रतिकृती ठेवली होती. देखणी होती. टर्मिनलचं लाटेसारखं छप्पर, प्लॅस्टिकची हिरवीगार झाडं, नखाएवढी पांढरी विमानं आणि समोर पार्किंगमध्ये तांदळाच्या दाण्यांसारख्या ओळीनं लावलेल्या मोटारी. मी चष्मा लावून पेटीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग शेजारी उभ्या असलेल्या तरुण मुलाला विचारलं, “अहो, यात बस कुठे थांबणार?” त्यानं आधी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, “मॅडम, ते नंतरच्या टप्प्यात येईल.”

मुलगा सभ्य होता. त्याला जे सांगितलं होतं तेच त्यानं सांगितलं. पण ‘नंतरच्या टप्प्यात’ हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला आणि सगळ्यांना वाचता येईल असं उघड लिहिते आहे.

मी कोण, ते आधी सांगते. वय 64, राहणार धनकवडी, सरकारी नोकरीतून निवृत्त. घरात एक जुनी मोटार होती. यांना रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास व्हायला लागला तेव्हा ती विकली. मुलगी जर्मनीत असते. दीड-दोन वर्षांनी आम्ही दोघं तिच्याकडे जातो, कधी ती येते. म्हणजे विमानतळ ही आमच्यासाठी पेपरात वाचायची गोष्ट नाही. तिथे आम्हाला रात्री-अपरात्री, बॅगा घेऊन, स्वतःची गाडी नसताना पोचायचं असतं.

लांबच्या विमानतळाचं पुणेकराला नवल नाही. आमच्या पिढीला परदेश म्हटलं की आधी मुंबई. रात्री दोनचं विमान असेल तर दुपारी चारला घर सोडायचं. शेअर टॅक्सीवाला आधी कोथरूड, मग औंध, मग वाकड असं करत चार घरांची माणसं गोळा करणार आणि पहिल्यांदा बसलेल्याची बॅग सगळ्यात खाली जाणार. घाटात एखादा कंटेनर आडवा झाला की गाडीतले सगळे एकदम धार्मिक होतात. नाही झाला, तर आपण सहा तास आधी पोचतो आणि लोखंडी खुर्चीत बसून डुलक्या काढतो. ऑक्टोबर 2021 मध्ये धावपट्टीच्या कामासाठी पुण्याचा सध्याचा लोहगावचा विमानतळ चौदा दिवस बंद होता, तेव्हा साध्या दिल्लीच्या विमानासाठीही हीच यात्रा करावी लागली. आता 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यावर आणखी एक काम वाढलं आहे. तिकिटावर ‘बीओएम’ लिहिलंय की ‘एनएमआय’, हे निघण्याआधी दोघांनी दोनदा वाचायचं. नाहीतर बोर्डिंगच्या वेळेला माणूस अंधेरीत आणि विमान उलव्यात.

हे सगळं आम्ही सोसलं, कारण मुंबईचा विमानतळ मुंबईचा आहे. पुण्यानं रुसायचं कारण नव्हतं. पुरंदरचा मात्र, शहरापासून चाळीस किलोमीटर लांब असून, पुण्याचा म्हणून बांधला जाणार आहे.

लांबचा विमानतळ माणसाला कसा उघडा पाडतो, ते मला युरोपात कळलं. तिकडे स्वस्त विमान कंपन्यांची एक ठरलेली रीत आहे. मोठ्या शहराच्या मुख्य विमानतळावर उतरायचं भाडं जास्त, गर्दी जास्त, वेळ मिळणं कठीण. मग दूर कुठेतरी पडून असलेली धावपट्टी गाठायची, बऱ्याचदा सैन्याचा जुना तळ. तिथे भाडं कमी, विमान अर्ध्या तासात परत फिरवता येतं आणि तिकीट आपल्या शिवनेरीच्या भावात विकता येतं. इथवर ठीक. पण तिकिटावर नाव मोठ्या शहराचंच हवं. फ्रँकफुर्ट-हान हा 1993 पर्यंत अमेरिकी हवाई दलाचा तळ होता आणि तो फ्रँकफुर्टपासून साधारण 120 किलोमीटर आहे. पॅरिस-बोव्हे पॅरिसपासून 85 किलोमीटरच्या आसपास. स्टॉकहोम-स्कावस्ता 100, ऑस्लो-टोर्प 110. मेमिंगनला ‘म्युनिक वेस्ट’ म्हणून विकत होते, म्युनिक तिथून 110 किलोमीटर. या हिशेबानं साताऱ्याला ‘पुणे साऊथ’ म्हणायला हरकत नाही.

आपली रेल्वे याबाबतीत फार प्रामाणिक. गाव स्टेशनपासून लांब असेल तर स्टेशनच्या नावापुढे ‘रोड’ लावायची तिची जुनी पद्धत आहे. नाशिक रोड, राजापूर रोड, सावंतवाडी रोड. ‘रोड’ वाचलं की माणूस समजतो, अजून एक गाडी करायची आहे. आपल्या हडपसर-फुरसुंगीच्या पट्ट्यात तर सासवड रोड नावाचं स्टेशन आहे. तिथे उतरून सासवड शोधायला निघालात तर मध्ये अख्खा दिवे घाट लागेल! युरोपातल्या त्या विमानतळांनी हीच पद्धत उचलली असती तर आमच्यासारख्यांना तिकीट काढतानाच कळलं असतं, की आपण म्युनिकला नाही, म्युनिक रोडला उतरणार.

आमच्यावर गुदरलेली रात्र 2023 च्या शरदातली. मुलीनं आम्हाला चार दिवस समुद्राकाठी पाठवलं होतं. माणशी 19 युरोचं तिकीट. जातानाच पहिला धडा मिळाला. आपला पासपोर्ट युरोपाबाहेरचा, त्यामुळे बोर्डिंग पास मोबाइलवर असला तरी आधी काउंटरवर जाऊन व्हिसा दाखवायचा, कागदावर शिक्का घ्यायचा आणि मगच तपासणीच्या रांगेत लागायचं. आम्ही सरळ रांगेत लागलो, टोकापर्यंत गेलो आणि तिथून परत पाठवले गेलो. यांच्या हातातली पिशवी लोखंडी सांगाड्यात मावेना, म्हणून यांनी दोन स्वेटर अंगावर चढवले आणि वर कोट. माणूस सुटकेसपेक्षा जाड झाला, पण जाडीला पैसे पडत नाहीत.

परतीचं विमान शनिवारी रात्रीचं. निघायलाच पाऊण तास उशीर झाला. आम्ही बाहेर आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि रेल्वे स्टेशनला जाणारी शेवटची बस निघून गेली होती. विमान उशिरा आहे हे बसवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची जबाबदारी कुणाची, हेही ठरलेलं नसावं. थांब्यावर खांबाला काचेच्या चौकटीत वेळापत्रक. मोबाइलचा दिवा धरून त्याचा फोटो काढला आणि मुलीला पाठवला. सकाळी सहा चाळीसची एक बस दिसत होती, म्हणून जरा धीर आला. तेवढ्यात तिचा फोन. “आई, त्या आकड्याशेजारी बारीक ‘एस’ आहे बघ. म्हणजे ती फक्त शाळेच्या दिवशी असते. उद्या रविवार. पहिली बस नऊनंतर.”

मागे टर्मिनलमधले दिवे एकेक करून मालवत होते. पहारेकऱ्यानं अतिशय नम्रपणे आम्हाला बाहेर काढलं. रात्री इमारत बंद ठेवतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. थंडी सहा अंशांची. आम्ही दोघं, एक पोलिश विद्यार्थी आणि लहान मुलीला घेऊन एक बाई, असे पाच जण त्या काचेच्या आडोशात उभे. आजूबाजूला काळी शेतं, लांब एका गोठ्यावर पिवळा दिवा. माझ्या पर्समध्ये फडक्यात बांधलेल्या दशम्या होत्या. प्रवासाला निघताना मी त्या घेतेच, सवयच आहे. त्यातली अर्धी त्या मुलीला दिली. तिनं आधी वास घेतला, मग चाटून पाहिली आणि उरलेली अर्धी मागून घेतली. पोलिश पोरानं तिळाची चटणी बोटानं संपवली. पहारेकऱ्यालाच दया येऊन त्यानं जवळच्या गावातून टॅक्सी बोलावली. ती पाऊण तासानं आली. पाचांचे मिळून 160 युरो, म्हणजे माणशी 32. विमानाच्या तिकिटापेक्षा 13 युरो जास्त. पहाटेची पहिली गाडी येईपर्यंत पुढचे चार तास स्टेशनच्या बाकावर काढले.

त्या बाकावर बसून यांनी पावतीच्या पाठीमागे हिशेब मांडला (अख्खं आयुष्य अकाउंट्समध्ये काढलेला माणूस) आणि म्हणाले, “तिकीट स्वस्त नव्हतंच गं. त्यांनी अंतराचं बिल वेगळं काढलं आणि आपल्या नावावर फाडलं.”

हेच मला तुम्हाला सांगायचं आहे. विमानतळ चाळीस किलोमीटर लांब नेलात तर त्या चाळीस किलोमीटरचा खर्च कुणीतरी सोसणार. तो कोण सोसणार हे आज, कागदावर असतानाच ठरतं. प्रतिकृतीत बस नसेल तर ते ठरलेलंच आहे, फक्त आम्हाला सांगितलेलं नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली ‘नंतरच्या टप्प्या’चीच. आधी धावपट्टी, मग प्रवाशांची सोय, हा क्रम जगात पुष्कळ ठिकाणी करून झाला आहे आणि त्याचं काय झालं ते सगळ्यांसमोर आहे. कॅनडात माँट्रियलजवळ मिराबेल नावाचा प्रचंड विमानतळ 1975 मध्ये सुरू केला. शहरापासून पन्नासहून जास्त किलोमीटर. त्यासाठी हजारो माणसांची शेतं आणि घरं घेतली. वेगवान रेल्वे करू म्हणाले, ती झालीच नाही. आंतरराष्ट्रीय विमानं मिराबेलला आणि देशातली विमानं जुन्या डोर्व्हालला, त्यामुळे विमान बदलायचं म्हणजे बसनं एका विमानतळावरून दुसऱ्यावर जायचं. लोकांनी आणि कंपन्यांनी हळूहळू पाठ फिरवली. 2004 मध्ये तिथली शेवटची प्रवासी विमानसेवा थांबली आणि 2014 मध्ये टर्मिनल पाडायला घेतलं. घेतलेल्या जमिनीपैकी बरीचशी नको म्हणून परत करावी लागली. जपानमध्ये टोकियोचा नारिता 1978 ला सुरू झाला तेव्हा रेल्वे होती, पण स्टेशन टर्मिनलपासून दूर. उतरून पुन्हा बस करायची. रेल्वे थेट टर्मिनलखाली यायला 1991 उजाडलं. आपल्या बंगळूरचा देवनहळ्ळीचा विमानतळ मे 2008 चा. 2025 संपलं तरी मेट्रो तिथवर पोचली नव्हती. अर्थात बंगळूरच्या वायुवज्र बसचं कौतुक केलं पाहिजे, त्यांच्या जिवावर तिथला साधा माणूस तग धरून आहे. उलट हाँगकाँग. 6 जुलै 1998 ला नवा विमानतळ सुरू झाला आणि त्याच दिवशी त्याची रेल्वेही. शहराच्या मध्यापासून 24 मिनिटं. त्यांचा ‘नंतरचा टप्पा’ धावपट्टीबरोबरच बांधून झाला होता.

लांबचं कशाला? पुण्याची मेट्रो मार्च 2024 मध्ये रामवाडीला आली. लोहगावचा विमानतळ तिथून चार-पाच किलोमीटर. एवढ्याशा अंतरासाठी आजही खाली उतरून बस नाहीतर रिक्षा शोधायची आहे. शहराच्या आतले चार-पाच जिथे राहून गेले, तिथे चाळीसांवर मी कसा विश्वास ठेवू?

दुसरी तक्रार रस्त्याची. सादरीकरणात रिंगरोड होता, रुंद रस्ते होते, सगळ्यांवर मोटारी पळत होत्या. पण धनकवडीचा, हडपसरचा, कोंढव्याचा माणूस आज सासवडकडे, म्हणजे विमानतळाच्या बाजूला, जाणार तो दिवे घाटानं नाहीतर बोपदेवनं. संध्याकाळी सहा वाजता मगरपट्ट्यावरून फुरसुंगीकडे कधी गेला आहात का? सरकारी गाडीतून नव्हे, रिक्षातून? आणि चिंचवड-हिंजवडीचा माणूस तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा. त्याला आधी पुणं ओलांडायचं, मग घाट चढायचा. तुमच्या कागदावरचं अंतर कुठून मोजलं आहे? आम्ही घराच्या कुलपापासून मोजतो. किलोमीटर सांगू नका, मिनिटं सांगा. तीही रविवारच्या पहाटेची नकोत, शुक्रवारच्या संध्याकाळची सांगा.

यात एक गोष्ट अशी आहे की बाहेरच्या सल्लागारांना ती कदाचित सुचणारच नाही. आषाढीच्या वारीत माउलींची पालखी पुण्याहून निघाली की दिवे घाट चढून सासवडला मुक्कामाला जाते. घाटात त्या दिवशी माणसांचा पूर असतो आणि वाहतूक वळवलेली असते. तशीच असली पाहिजे, वारी आधीची आहे, विमानतळ नंतरचा. सासवडला पालखी दोन रात्री राहते. त्या दिवसांत दुबईचं विमान गाठायचं असलेल्या माणसानं काय करायचं? दरवर्षी येणारा दिवस आहे, अचानक कोसळणारी दरड नव्हे. त्याचं उत्तर आराखड्यात असायला हवं. मला तरी कुठे दिसलं नाही.

आणि सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती या गोष्टीची, की रेल्वे तिथे आहे. पुणे-मिरज लोहमार्ग याच पुरंदर तालुक्यातून जातो. घोरपडीनंतर सासवड रोड, फुरसुंगी, आळंदी, शिंदवणे, मग घाट चढून आंबळे, राजेवाडी, जेजुरी. जेजुरीला खंडोबाला जाताना लहानपणापासून या गाडीनं गेले आहे. नळकांड्यातून कोळशाची धूळ डोळ्यात जायची ते दिवस होते. एवढी जुनी लाइन शेजारून जात असताना तिला विमानतळाशी जोडायची गोष्ट कुणी ठळकपणे मांडत नाही, आणि मेट्रोच्या नकाशावर मात्र रोज नवी रेघ उमटते. मेट्रो यायची तेव्हा येऊ दे. त्या लाइनवर पुणे स्टेशनहून विमानतळासाठी थांबणारी, वेळ पाळणारी गाडी सोडायला काय अडचण आहे, हे रेल्वेशी बोलून, लेखी, आम्हाला सांगा. घाटातल्या मर्यादा असतील, गाड्यांच्या वेळांचा प्रश्न असेल. असेल तर तसं लिहा. पण प्रश्न विचारलाच नाही, असं व्हायला नको.

तिसरी तक्रार प्रवाशांची नाहीच. विमानतळावर झाडू मारणारी बाई, सामान चढवणारा पोरगा, कॅन्टीनमध्ये पहाटे तीनला पोहे टाकणारा आचारी, शौचालयात सात तास उभी राहणारी ताई, सुरक्षेच्या रांगेतली मुलं. यांच्या पाळ्या रात्री बदलतात. यांतल्या किती जणांकडे मोटार असणार? विमानानं माणूस वर्षातून दोनदा जातो. या लोकांना ते अंतर रोज दोनदा कापायचं आहे. पहाटे घाटातून दुचाकीवर, पावसात, धुक्यात. विमानतळामुळे रोजगार येईल असं तुम्ही सगळीकडे सांगता. त्या रोजगाराला जायची बस कुठली, तेही सांगा.

चौथी लहान आहे, पण वयस्कर माणसाला ती मोठी वाटते. आपल्याकडे तिकीट आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय टर्मिनलच्या दारातून आत सोडत नाहीत. सुरक्षेचा प्रश्न आहे, मान्य. पण लांबच्या विमानतळावर माणूस लवकरच येणार. बारामती, फलटण, साताऱ्याचे लोक एकाला सोडायला पाच जण येणार, ते आपल्याकडे बंद होणार नाही आणि होऊही नये. ही माणसं दाराबाहेर फुटपाथवर, बॅगेवर बसलेली मी अनेक विमानतळांवर पाहिली आहेत. दाराच्या बाहेर छप्पर, खुर्च्या, पाणी, स्वच्छतागृह आणि रात्रभर चालणारं चहाचं दुकान, एवढं बांधायला कुठलं नवं तंत्रज्ञान लागतं?

आणि एक गोष्ट माझ्या तक्रारींच्या यादीत बसत नाही, पण ती वगळून हे पत्र लिहिणं मला लाजिरवाणं वाटेल. ज्या सात गावांच्या जमिनीवर हा विमानतळ होणार, वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव, तिथल्या लोकांचा विरोध 2016 मध्ये जागा जाहीर झाली तेव्हापासूनचा आहे. हा अंजिराचा आणि सीताफळाचा मुलूख. मे 2025 मध्ये ड्रोनच्या सर्वेक्षणावरून तिथे गावकरी आणि पोलीस यांच्यात जी झटापट झाली ती सगळ्या महाराष्ट्रानं पाहिली. नारिताची जागाही 1966 मध्ये शेतकऱ्यांना न विचारता ठरवली गेली होती आणि ते भांडण पुढे कित्येक दशकं धुमसत राहिलं. जमीन द्यावी की नाही हे त्यांनी ठरवायचं, धनकवडीच्या फ्लॅटमध्ये बसून मी नाही. पण एवढं तरी बोलू शकते. कुणाची पिकती बाग घेऊन तिथे मोटारींचं पार्किंग आखायचं आणि बसथांबा विसरायचा, हे फार महागातलं विसरणं आहे. चांगली बस आणि रेल्वे असेल तर पार्किंगला लागणारी जमीनही कमी होते. तोही हिशेब एकदा मांडा.

आता मागण्या. साध्याच आहेत.

पहिलं प्रवासी विमान उडेल त्याच दिवशी पहिली बसही सुटली पाहिजे. स्वारगेट, पुणे स्टेशन, हडपसर, चिंचवड, हिंजवडी इथून, चोवीस तास, तिकीट एसटीच्या भाड्याच्या जवळपास. बसची वेळ विमानांच्या वेळांना बांधलेली असावी आणि शेवटचं विमान उतरल्यावर त्यातला शेवटचा प्रवासी बॅग घेऊन बाहेर येईपर्यंत शेवटची बस हलू नये. विमानाला उशीर झाला तर ते बसच्या चालकाला कळवायचं काम कुणाचं, त्या माणसाचं पद आजच लिहून ठेवा. बोव्हेला विमानांच्या वेळांना जोडलेल्या पॅरिसच्या बस आहेत, म्हणजे हे अशक्य नाही. पुणे-मिरज लाइनचा अभ्यास करून तो लोकांसमोर ठेवा. पालखीच्या दिवसांची वाहतूक योजना आराखड्याचाच भाग करा. कामगारांसाठी पाळीच्या बस, त्यांच्या पगारातून न कापता. दाराबाहेरचा निवारा. आणि लोहगावचं काय करणार ते एकदाचं स्पष्ट सांगा. ती धावपट्टी हवाई दलाची आहे, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण तिथलं नवं टर्मिनल जुलै 2024 मध्येच सुरू झालं आहे. ते चालू राहणार, की काही विमानं इकडे आणि काही तिकडे असा मिराबेलचा खेळ आमच्या वाट्याला येणार?

नावाबद्दल मी काही मागत नाही. त्यावर बोलायला इतर पुष्कळ लोक आहेत. फक्त तिकिटावर ‘पुणे’ छापाल तेव्हा त्याखाली बारीक अक्षरात, त्या ‘एस’सारख्या, स्वारगेटपासूनचं अंतर आणि बसचं भाडं छापा.

या पत्राला उत्तर आलं तर मी तेही असंच उघड ठेवीन. आणि पुढच्या सादरीकरणाची तारीख आधी कळवा. यांनाही यायचं आहे, हिशेबाची वही घेऊन. ते पुरंदरमध्येच ठेवलंत तर फारच चांगलं. हडपसरहून बसनं येऊ. किती वेळ लागला तो आकडा तुम्हाला तिथेच, फुकटात मिळेल.

आपली,
धनकवडीची एक प्रवासी